बॉडी किटची ट्रायल

बॉडी किट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्या भाग्यवंतांसाठी आधीच सांगून टाकतो. चांगल्या धडधाकट मोटारीला पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फायबरचे जादा अवयव चिकटवतात, त्याला बॉडी किट म्हणतात. त्याने गाडी जास्त पळत नाही, नुसती पळेलसं वाटतं. हा शब्द तोंडात यायचं मला काही एक कारण नव्हतं. मी लिफ्ट तपासणीस. एकोणतीस वर्षं लोकांच्या इमारतींत शिरून लिफ्टच्या दोराची तार न् तार मोजतोय, आणि जरा शंका आली की ‘वापर बंद’ अशी पाटी अडकवून निघून येतोय. घाबरणं हा माझा स्वभाव आहे असं घरचे म्हणतात. मी म्हणतो, तो माझा हुद्दा आहे.

आणि अशा माणसाच्या पोटच्या पोरीने स्पोर्ट्स कार घेतली. सेकंडहँड, दोन दरवाज्यांची, पिवळीधमक, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसायची मनाची तयारी करावी लागते. पोरगी सव्वीस वर्षांची, स्वतः कमावणारी. मला विचारायचा प्रश्न नव्हता आणि तिने विचारलंही नाही. रोज सकाळी ती निघाली की मी दारात उभा राहून ‘जपून’ म्हणतो, ती ‘हो बाबा’ म्हणते, आणि खालून तो घुर्रर्र आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो. संध्याकाळी ती परत येईपर्यंत तो गोळा तिथेच मुक्कामाला असतो. टीव्हीचा रिमोट, पडद्यांचा रंग, सुट्टीत कुठे जायचं, यातलं काहीही या घरात माझ्या हातात नाही. ‘जपून’ तेवढं माझं आहे. घरात त्या एका शब्दावर माझी पत टिकून आहे, आणि ती जाऊ नये म्हणून जे काय मी केलं ते आता सांगतो.

कंपनीने लेकीला बारा दिवसांच्या ट्रेनिंगला परगावी पाठवलं. जाताना तिने किल्ली माझ्या हातात दिली.

“बाबा, दिवसाआड दहा मिनिटं नुसती सुरू करायची. बॅटरी उतरायला नको म्हणून. हलवायची नाही.”

“अगं, मी कशाला हलवतोय? मला काय वेड लागलंय?”

“नाही ना? मग झालं.”

पहिले चार दिवस मी आज्ञा तंतोतंत पाळली. तळघरात जायचं, गाडीत उतरायचं (बसायचं नव्हे, उतरायचं), किल्ली फिरवायची आणि दहा मिनिटं डोळे मिटून घ्यायचे. पाचव्या दिवशी विमावाले आले. हे आमच्या पहिल्या मजल्यावर राहतात. उभा जन्म विमा विकण्यात गेल्यामुळे समोरच्या माणसाला सुखाने जगताना बघितलं की त्यांना चैन पडत नाही.

“उभ्या गाडीचे टायर चपटे होतात हो,” त्यांनी खिडकीत वाकून सांगितलं. “एकाच जागी सगळं वजन. मग चालवताना फुटतो एखादा. परवाच एकाचा...”

एकाचा काय झाला ते त्यांनी सांगितलं नाही. नुसती मान हलवली आणि गेले. त्या मान हलवण्याने माझी वाट लावली. डोळ्यांपुढे लेक, पिवळी गाडी आणि फुटलेला टायर असं दिसायला लागलं. वाचणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं, मी गाडी हौसेने हलवली नाही. मी भीतीने हलवली.

बेत साधा होता. हातभर पुढे, हातभर मागे, चाकाची जागा बदलली की संपलं. हातभर पुढे छान गेलो. मागे घ्यायला गेलो तर रिव्हर्स गियर सापडेना. आमच्या जुन्या छोट्या गाडीत तो होता तिथे या गाडीत नव्हताच. मी दांडा ढकलतोय, ओढतोय, विनवतोय, तोवर मागे वरच्या मजल्यावरच्या बाईंची गाडी येऊन उभी राहिली आणि त्यांनी हॉर्न वाजवला. आता पुढे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि पुढे तळघराचा चढ होता. मी क्लच सोडला. चढ जिथे सुरू होतो तिथे गाडीचं नाक टेकलं आणि ‘कर्रकच्’ असा आवाज आला. असा आवाज लिफ्टमध्ये आला असता तर मी अख्खी इमारत रिकामी केली असती.

पुढच्या बंपरचा खालचा जबडा एका बाजूने फाटून लोंबत होता. ज्या पोरीला मी तिसरीत जाईपर्यंत घसरगुंडीवर एकटीला बसू दिलं नाही, तिच्या गाडीचा जबडा मी मोडला होता, तोही ‘हलवायची नाही’ असं सांगितल्यावर. यापुढे कुठल्या तोंडाने मी तिला ‘जपून’ म्हणणार होतो? म्हटलंच तर ती नुसती बघेल. तिचं ते बघणं मला तिथेच, त्या चढावर दिसलं.

बंपर सुतळीने बांधून, पहिल्या गियरमध्ये, गल्लीगल्लीतून मी गाडी डेंटिंगवाल्याकडे नेली. हा माणूस फार शांत. गाडीभोवती एक चक्कर मारली, सुतळीची गाठ बघितली, आणि म्हणाला, “साहेब, ओरिजिनल बंपर बाहेरून मागवावा लागेल. दोन महिने.”

“लेक सात दिवसांनी येणार आहे हो! तिला कळायला नको!”

“मग बॉडी किट टाका. चार दिवसांत काम. पुढचा बंपर नवा येतो त्यात, तुटलेला दिसायचा प्रश्नच नाही. लेकीला सांगा, सरप्राइज.”

त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. त्यातल्या सगळ्या गाड्या कुणाला तरी चावायला निघाल्यासारख्या दिसत होत्या.

“आणि दोन बोटं खाली येते गाडी,” तो कौतुकाने म्हणाला.

“आत्ता आहे त्याच्याही खाली?”

“लुक येतो ना, साहेब.”

म्हणजे ज्या चढावर आत्ताची गाडी टेकली त्याच चढावर दोन बोटं खालची गाडी रोज न्यायची. रोज! मी ‘विचार करून सांगतो’ म्हणालो आणि गाडी परत आणून चादर टाकून झाकली. मग दोन दिवस मी तो विचार केला. किट लावलं तर लेक चढावर अडकणार. नाही लावलं तर मी पकडला जाणार. विमावाल्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ते सुखावून म्हणाले, “गाडीत परवानगीशिवाय बदल केला ना, की विमा गेला. उद्या काही झालं तर कंपनी हात वर करते.” ‘उद्या काही झालं तर’ हे चार शब्द हा गृहस्थ इतक्या गोडीने उच्चारतो की ऐकणाऱ्याला आपलं काहीतरी होऊनच गेलंय असं वाटतं.

परवानगी काढावी म्हणून मी वाहन तपासणी कार्यालयात गेलो. तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी माझा अर्ज वाचला.

“बदल करण्याआधी गाडी मूळ अवस्थेत आणून दाखवावी लागेल.”

“अहो, मूळ अवस्थेत असती तर मी बदल कशाला केला असता?”

“ते आम्ही कसं सांगणार?” बाई म्हणाल्या.

मला राग यायला हवा होता, पण मीही त्याच जातकुळीचा माणूस. नियम चोख होता. मला लिहायला सांगितला असता तर मीही असाच लिहिला असता. मी बाईंना नमस्कार करून निघून आलो.

घरी आलो तर बायको शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “काय मोडलंत?”

“मी? कुठे काय?”

“परवापासून तुम्ही ‘जपून’ म्हणाला नाहीत. काल मी स्टुलावर चढून माळ्यावरचं काढलं तरीसुद्धा नाही. काय मोडलंत?”

मी सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं, पण तिने दोरा तोडला, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, “त्या किटची ट्रायल घेतली का?”

बायको गेली अठरा वर्षं घरी शिवणकाम करते. कुणाचाही कोट असो, आधी कागदावर कापते, कागद अंगाला लावून बघते, मग कापडाला कात्री लावते. ट्रायलशिवाय तिने आजवर रुमालसुद्धा शिवलेला नाही.

“मोटारीची कसली ट्रायल?”

“अंगावर घालायचं ते आधी लावून बघायचं. चढावर टेकतंय का, अंगाला बसतंय का, आपोआप कळेल. त्या माणसाकडून किटचे फोटो मागवून घ्या. आणि समोरच्यांकडे नवा फ्रिज आलाय, त्याचा पुठ्ठा मागून आणा.”

इथे मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला कुणी ठामपणे काही सांगितलं की तो देवच भेटल्यासारखा मागे मागे जातो. सबंध रविवार आम्ही दोघं तळघरात होतो. तिने टेपने गाडीचं माप घेतलं, खडूने खुणा केल्या, पुठ्ठा कापला. पुढचा बंपर, बाजूच्या पट्ट्या, मागचा पंख, सगळं. चिकटपट्टीने लावलं, सांध्यांना टाके घातले. “काखेत जरा सैल ठेवलंय,” पुढच्या चाकापाशी बसून ती म्हणाली, “आणि दोन बोटं माया सोडलीय, लागली तर उसवता येईल.” मग तिला राहवेना म्हणून तिने सगळ्याला उरलेला चंदेरी रंग फासला. लांबून बघितलं आणि मी चकित झालो. खरंच चावायला निघाल्यासारखी दिसत होती.

विमावाले जिन्यात उभं राहून बघत होते. “आगीला पहिलं आमंत्रण पुठ्ठ्याचं,” ते म्हणाले आणि वर गेले.

ट्रायल तळघरातच संपली असती तर बरं झालं असतं. तिथे चढावर पुठ्ठा टेकला, दुमडला आणि निमूटपणे पुन्हा सरळ झाला. बायको म्हणाली, “हे आहे तसंच त्या डेंटिंगवाल्याला दाखवा. कुठून किती कापायचं ते खुणा करून घेऊ दे.” शिंप्याकडे कपडा अंगावर घालूनच जायचं असतं, हे तिचं म्हणणं. सोमवारी सकाळी मी पुठ्ठा घातलेली स्पोर्ट्स कार घेऊन रस्त्यावर आलो.

चौकात तपासणी पथक उभं होतं. मी गाडी हळू केली. मुळात ती इतकी हळू होती की आणखी हळू केल्यावर थांबली. एक साहेब आले. त्यांनी पुढच्या बंपरवर टकटक केलं. आवाज खोक्याचा आला. त्यांनी पुन्हा टकटक केलं.

“हे काय आहे?”

“ट्रायल,” मी म्हणालो.

“कसली ट्रायल?”

“म्हणजे, बायकोने कापलंय. पुठ्ठा आहे. अजून ठरलेलं नाही.”

साहेबांनी हातातल्या यंत्रात नोंद करायला घेतली. बदलाचा प्रकार: बॉडी किट. साहित्य: धातू, फायबर, प्लॅस्टिक, रबर. पुठ्ठा नव्हता. त्यांनी बरोबरच्या दुसऱ्या साहेबांना बोलावलं. दुसरे साहेब म्हणाले फायबर टाका. मी घाबरत घाबरत म्हणालो की तपासणीच्या कागदावर खोटी नोंद नको, मीही याच क्षेत्रातला आहे. त्यावर दोघेही साहेब चिडले. त्यांनी फोटो काढला, ‘इतर’वर बोट ठेवलं आणि नोटीस दिली. विनापरवाना बदल. सात दिवसांत गाडी मूळ अवस्थेत कार्यालयात आणायची. चालक हाच हवा, आणि मालक जातीने हजर हवा.

“मालक परगावी आहे,” मी म्हणालो. “तिला यातलं काही कळवू नका, हात जोडतो.”

“आम्ही नाही कळवत,” साहेब म्हणाले. “सिस्टिम आपोआप कळवते. फोटोसकट गेला मेसेज.”

गाडी तिथेच बाजूला घेऊन मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. दोन मिनिटांत फोन वाजला.

“बाबा.”

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

“बाबा, फोटोत तुम्ही आहात.”

“हो.”

“आणि गाडीला ते काय लावलंय?”

मी सांगत सुटलो. टायर, रिव्हर्स, चढ, जबडा, किट, खिडकी नंबर तीन, फ्रिजचा पुठ्ठा. एका दमात. पलीकडून काहीही आवाज नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग ती एवढंच म्हणाली, “तुम्हाला लागलं नाही ना कुठे?” मी नाही म्हणालो. “ट्रेनिंग गुरुवारी संपतंय. शुक्रवारी सकाळी घरी येते,” म्हणाली आणि फोन ठेवला. ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर मला जेवण गेलं असतं. त्या गप्प बसण्याने मी चार दिवस नुसता सुकत होतो. ऑफिसात तीन चांगल्या लिफ्टना ‘वापर बंद’ लावून आलो.

आता गाडी मूळ अवस्थेत आणायची होती. मी डेंटिंगवाल्यापुढे अक्षरशः हात जोडले. “दोन महिने थांबायला वेळ नाही हो, हाच बंपर कसाही जोडा.”

“जोडतो की,” तो म्हणाला. “प्लॅस्टिक गरम करून टाके मारायचे, वरून रंग. संध्याकाळी घेऊन जा.”

“अहो, मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही म्हणालात, लेकीला कळायला नको. टाका घातला की जवळून कळतो. तुम्ही नुसतं जोडायचं विचारलंच नाहीत.”

बायकोने बंपरपाशी वाकून तो टाका बघितला आणि आणखी बारीक हवा होता असा शेरा मारला.

शुक्रवारी लेक आली. बॅग ठेवली, तळघरात गेली, बंपरवरून बोट फिरवलं. मी चार पावलं मागे उभा. मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि बघायचं धाडसही नव्हतं. “चला,” ती म्हणाली, “आजच उरकून टाकू.” आणि सरळ चालकाच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली. चालक मी होतो. नोटिशीत तसंच होतं.

कार्यालयाच्या मागे लांबलचक मोकळं आवार होतं. तिथे त्या दिवशीचेच साहेब उभे. त्यांनी बंपर ठोकून बघितला. या वेळी आवाज खोक्याचा आला नाही, तरी त्यांची खात्री पटेना.

“ब्रेकची चाचणी द्या. त्या टोकापासून पन्नासच्या वेगाने आणायची आणि या पांढऱ्या रेषेवर थांबवायची. मालकांनी गाडीतच बसायचं.”

“पन्नास?” मी म्हणालो. बावीस वर्षांत मी आमची गाडी चाळीसच्या वर नेलेली नाही. “साहेब, तीस चालेल?”

“तिसाचा रकाना नाही.”

मी लेकीकडे बघितलं. ती समोर बघत होती. त्या टोकाला जाऊन मी गाडी वळवली. मनात आलं, आत्ताच उतरून सांगावं की मला जमत नाही, मी भित्रा आहे, हवं तर गाडी जप्त करा. पण या पोरीसमोर आणखी काय काय घालवायचं? मी दात आवळून पाय दाबला.

ती गाडी चालत नाही हो, ती सुटते. डोकं मागे आपटलं, आवाराची भिंत अंगावर आली, काटा पन्नास ओलांडून कुठेतरी साठाकडे गेला, आणि लाजेने सांगतो, त्या तीन-चार सेकंदांत माझ्या पोटातला गोळा नव्हता. कुठे गेला कोण जाणे. मी ब्रेक मारला. गाडी रेषेच्या वीतभर आत थांबली. साहेबांनी टिकमार्क केली.

“किटच्या परवानगीचा अर्ज करायचाय?” त्यांनी विचारलं.

“नको!” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मी विजयी मुद्रेने शेजारी बघितलं. लेकीने दारावरची मूठ दोन्ही हातांनी पकडली होती, डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरेफटक.

“अगं, झालं. थांबलीये गाडी.”

तिने डोळे उघडले. मूठ सोडायला तिला थोडा वेळ लागला. मग माझ्याकडे न बघता तिने पोटावर हात ठेवला.

“बाबा, मी चालवते तेव्हा असं कधीच होत नाही. इथे... इथे काहीतरी एकदम आवळल्यासारखं झालं. तुम्ही चालवत होता म्हणून.”

“हो, तिथेच होतं ते.”

“तुम्हाला रोज होतं? मी निघाले की?”

“रोज.”

आम्ही जागा बदलल्या. परत निघताना चालक कुणीही असायला नोटिशीची हरकत नव्हती. तिने पट्टा लावला, माझा पट्टा ओढून बघितला, दोन्ही आरसे बघितले, परत एकदा बघितले आणि गाडी रस्त्यावर आणली. दुसऱ्या गियरमध्ये. एक रिक्षा पुढे गेली. मग एक सायकलवाला पुढे गेला आणि त्याने मागे वळून पिवळ्या गाडीकडे बघितलं. मागे हॉर्नची रांग लागली. ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मान पुढे काढून, हुबेहूब माझ्यासारखी चालवत होती. मला ते बघवेना.

“अगं,” मी म्हणालो, “जरा दाब की!”